वॉशिंग मशीनच्या तापमान सेन्सरचा बिघाड: मराठवाड्यातील निदान व दुरुस्ती

फ्रंट लोड वॉशिंग मशीनमधले पाणी किती तापले हे मशीनच्या कंट्रोल बोर्डाला कळवणारा छोटा भाग म्हणजे तापमान सेन्सर. तो बिघडला की मशीन पाणी तापवत नाही, नको तितके तापवते किंवा धुणे अर्ध्यावर सोडून एरर दाखवते. एलजीच्या मशीनवर ही खूण ‘टीई’ अशी उमटते. इतर कंपन्यांच्या खुणा वेगळ्या. मराठवाड्यात मात्र एरर आली म्हणजे सेन्सरच गेला असे धरून चालू नये. इथले ऊन, बोअरचे पाणी आणि कमी दाबाची वीज यांनीही अशीच लक्षणे दिसतात. अशा वेळी नवा सेन्सर बसवूनही तक्रार कायम राहते आणि घरमालकाचे पैसे वाया जातात.

हा सेन्सर म्हणजे एनटीसी प्रकारचा थर्मिस्टर. तापमान वाढले की त्याचा विद्युत रोध घटतो. ड्रमबाहेरच्या टबच्या तळाशी हीटर असतो. बऱ्याच मशीनमध्ये सेन्सर हीटरच्याच पट्टीत रबरी बुशात दाबून बसवलेला असतो. बाहेरून दिसतात त्या फक्त दोन पिना. धातूची कांडी आत पाण्यात असते.

तपासणीआधी प्लग काढावा, नळ बंद करावा आणि टबमधले पाणी काढून टाकावे. मॉडेलप्रमाणे मागचा किंवा पुढचा पत्रा उघडून सेन्सरचा कनेक्टर सोडवावा आणि मल्टिमीटरने दोन पिनांमधला रोध मोजावा. मीटरने अनंत रोध (‘ओएल’) दाखवला तर आतला जोड तुटलेला असतो. शून्याजवळ आकडा आला तर सेन्सर शॉर्ट झालेला असतो. मधला आकडा आला तर घाई करू नये. कंपनीच्या तक्त्यातली रोधाची किंमत साधारणपणे २५° से. ची असते. २५ अंशांना १० किलोओहम दाखवणारा नेहमीचा सेन्सर ४० अंशांना सव्वापाच किलोओहमच्या आसपास येतो. मे महिन्यात लातूर किंवा नांदेडच्या गच्चीवरल्या खोलीत एवढेच मोजमाप मिळाले, तर सेन्सर ठणठणीत आहे. तोच सेन्सर परभणीच्या जानेवारीतल्या पहाटे, १० अंशांच्या गारठ्यात, २० किलोओहम दाखवेल. म्हणून मीटरशेजारी साधा थर्मामीटर हवाच. त्याहून खात्रीची रीत म्हणजे सेन्सर बाहेर काढून त्याची कांडी कोमट पाण्यात धरणे: आकडा सलग उतरत गेला पाहिजे. मध्येच उड्या मारत असेल तर सेन्सर बदलावा. सर्व मॉडेलांची मूळ किंमत १० किलोओहम नसते. त्यामुळे दिसायला सारखा म्हणून दुसऱ्या मशीनचा सेन्सर बसवू नये. मशीन चालते, पण पाण्याचे तापमान चुकते.

उन्हाळ्यात काळ्या टाकीतले पाणी दुपारी नळातूनच चांगले तापून येते. मशीन ३० अंशांवर लावलेले असले तर हीटर सुरूच होत नाही, आणि ते बरोबरच असते. गार पाणी मिसळून तापमान खाली आणण्याची सोय अशा मशीनमध्ये नसते.

विजेचा दाब २३० व्होल्टवरून १८० वर आला की हीटरची शक्ती जवळपास ६१ टक्क्यांवर येते, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २,००० वॅटचा हीटर मग १,२२५ वॅटच्या आसपास काम करतो, पाणी ठरल्या वेळेत तापत नाही आणि बोर्ड तापमानाची एरर देतो. हीटरचा स्वतःचा रोध २५ ते ३० ओहम भरला तर त्याची तार शाबूत आहे.

या भागातला सर्वांत चिवट त्रास पाण्याचा. बेसाल्ट खडकातून उपसलेले बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टंचाईच्या अशा काळात नळ, टँकर, बोअर, जे मिळेल ते टाकीत पडते. तापवताना त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार हीटरवर आणि सेन्सरच्या कांडीवर पांढऱ्या कवचासारखे बसतात. कवचाआडून सेन्सरला तापमान उशिरा कळते, तोवर हीटर चालूच राहतो आणि अखेर जळतो. यावर उपाय म्हणजे रिकाम्या मशीनमध्ये सायट्रिक ॲसिड किंवा डिस्केलिंग पावडर टाकून ६० अंशांचे एक चक्र चालवणे. कवच जाड झाले असेल तर हीटर काढून साफ करावा, पण स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये. वरचे आवरण जाते.

वायर हा सर्वांत दुर्लक्षित भाग. तळ उघडा असलेल्या मशीनखाली उंदीर शिरून सेन्सरची वायर कुरतडतात. सेन्सरचा रोध बोर्डाच्या टोकालाही मोजला तर तुटलेली वायर लगेच सापडते. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज दिसला तरी तोच दोषी असू शकतो.

नवा सेन्सर बसवताना रबरी बुशाला साबणाचे पाणी लावून तो शेवटपर्यंत दाबावा. टब अर्धा भरून गळती पाहावी आणि मगच पत्रा लावावा. हीटरच्या टोकांपासून मशीनच्या पत्र्यापर्यंत मीटरवर जोड दिसता कामा नये. घरचे अर्थिंगही तपासून घ्यावे: काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडते, अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो आणि हीटरमधून वीज पत्र्यात उतरत असेल तर ओल्या हाताला झटका बसतो. खड्ड्यात मीठ-कोळसा असला तरी उन्हाळाभर अधूनमधून पाणी घालावे लागते.