एचबेसच्या शेलला अवतरणचिन्हं का लागतात

हर्णै बंदरावर लिलाव झाला की कुठल्या होडीची किती सुरमई, किती बांगडा हे वहीत चढतं. तसलीच एक वही सरावापुरती एचबेस या डेटाबेसमध्ये उतरवू म्हणून मी मासेमारीबंदीच्या ६१ दिवसांत बसलो. शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडलं, 'क्रिएट' लिहून पुढे टेबलाचं नाव टाकलं आणि एंटर मारलं. उत्तर आलं, या नावाचं व्हेरिएबल (किंमत साठवणारं नाव) किंवा मेथड (नाव दिलेली कृती) नाही. मी टेबल मागतोय आणि हा व्हेरिएबल शोधतोय!

या गोंधळाचं मूळ जुनं आहे. २००६ मध्ये गूगलने बिगटेबलवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. किल्लीच्या, म्हणजे प्रत्येक ओळीच्या ओळखनावाच्या, क्रमाने लावलेल्या ओळींचं एकच अवाढव्य टेबल आणि त्याचे तुकडे असंख्य यंत्रांवर वाटलेले, अशी ती रचना. तिच्यावरून पॉवरसेट या अमेरिकन सर्च कंपनीत एचबेसचं काम सुरू झालं, आणि २००७ मध्ये ते हडूपच्या, म्हणजे अवाढव्य डेटा अनेक यंत्रांवर हाताळणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या, कोडात आलं. २०१० पासून तो अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेचा स्वतंत्र प्रकल्प आहे.

पहिल्या शेलची भाषा होती एचक्यूएल. एसक्यूएल या डेटाबेसांच्या नेहमीच्या भाषेच्या वळणाची, 'सिलेक्ट' वगैरे असलेली. पण मागे एसक्यूएलची ताकद नव्हती, जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडणं, तर नाहीच. ओळखीचा चेहरा दिसला की माणूस ओळखीची अपेक्षा धरतो, त्यामुळे ती गेली ते बरंच झालं असं मला वाटतं. २००८ च्या ०.२ आवृत्तीत तिच्या जागी जेरुबीचं आयआरबी हे शेल आलं. एचबेस जावात लिहिलेलं, आणि जेरुबी म्हणजे जावावर चालणारी रुबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा. तेव्हा आपण जिथे आज्ञा टाइप करतो ते रुबीचंच शेल आहे, फक्त एचबेसच्या आज्ञा त्यात आधीच भरून ठेवलेल्या.

हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. अवतरणाशिवायचा शब्द रुबीला व्हेरिएबल किंवा मेथड वाटतो, म्हणून टेबल, ओळ, कॉलम सगळं अवतरणात. 'नेम', 'व्हर्शन्स' हे शब्द मात्र रोमन मोठ्या अक्षरांत, उघडेच चालतात, कारण ते रुबीचे स्थिरांक म्हणून आधीच ठरवून ठेवलेत. त्यांच्यापुढचा बाण रुबीच्या हॅशमधला, म्हणजे नाव-किंमत जोड्यांच्या यादीतला. आणि एखादं अवतरण बंद करायला विसरलात तर शेल रुसत नाही, वाट बघत बसतं. मी तेव्हा तीनदा एंटर मारलं होतं.

'पुट'ला टेबल, ओळीची किल्ली, कॉलम फॅमिलीसकट (म्हणजे कॉलमच्या गटाच्या नावासकट) कॉलम आणि किंमत, एवढं स्वल्पविरामाने द्यायचं. 'गेट' एक ओळ आणतं, 'स्कॅन' रांगच्या रांग. टेबल 'ड्रॉप' करण्याआधी 'डिसेबल' करावं लागतं, कारण त्याचे तुकडे निरनिराळ्या सर्व्हरांवर उघडे असतात.

रुबीवर ढकलता येणार नाही अशी एक गोष्ट उरते. एचबेसला अक्षरं कळत नाहीत, बाइट कळतात. म्हणून 'होडी-१०' ही 'होडी-२'च्या आधी लागते. मागून शहाणपण येऊन मी 'होडी-०२' लिहायला लागलो. आणि 'स्कॅन' केल्यावर माझी सुरमई दिसली ती बॅकस्लॅश, एक्स, ई०, मग ए४, बी८ अशी: पाच कोडपॉइंट (युनिकोडमधली चिन्हं, मात्रा वेगळी धरून), प्रत्येकी ३ बाइट, एकूण १५. नव्या आवृत्त्यांत 'स्कॅन'ला 'फॉरमॅटर'पुढे बाण देऊन अवतरणात 'टूस्ट्रिंग' लिहिलं की ती पुन्हा सुरमई होते.