क्विक फॉरमॅट आणि पूर्ण फॉरमॅट: कॉम्प्युटर देण्याआधी कोणता?

जुना कॉम्प्युटर गावच्या शाळेला द्यायचा ठरला की कोणीतरी सांगतंच, 'फॉरमॅट मारा, झालं.' पण फॉरमॅट दोन तऱ्हेचा असतो, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून फॉरमॅट निवडलं की खाली 'क्विक फॉरमॅट'च्या चौकोनात आधीपासूनच टिक असते. तशीच ठेवून स्टार्ट दाबलं तर ५०० जीबीची हार्ड डिस्क काही सेकंदांत रिकामी दिसते. सेकंदाला १०० एमबी लिहिले गेले तरी एवढी डिस्क भरायला जवळपास दीड तास लागतो. मग सेकंदांत काय पुसलं जाणार? कोरी होते ती फक्त कोणती फाइल कुठे आहे याची यादी. फाइली जागच्या जागी असतात. फोटोरेकसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ती यादी बघतच नाही. जेपीजी, पीडीएफ यांच्या सुरुवातीची ठरावीक खूण शोधतं आणि फाइल उचलून देतं.

रावेर-यावलकडच्या एखाद्या केळी व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर डोळ्यासमोर आणा. शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाच्या पट्ट्या, पासबुकांचे फोटो, आधार-पॅनचे स्कॅन. लोकांनी विश्वासाने दिलेली ही कागदपत्रं भलत्याच्या हाती लागणं मला तरी अजिबात पटत नाही.

ती टिक काढली की पूर्ण फॉरमॅट. विंडोज व्हिस्टापासून तो अख्ख्या ड्राइव्हवर शून्यं लिहितो. त्याआधीच्या विंडोज एक्सपीत मात्र तो नुसते खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बिघडलेले कप्पे, तपासायचा, त्यामुळे एक्सपीच्या मशीनवर त्याच्या भरवशावर राहू नका. ३५ वेळा पुसायला हवं, हे १९९६च्या एका शोधनिबंधावरून पसरलं. ते तेव्हाच्या जुन्या डिस्कांसाठी होतं. आजच्या हार्ड डिस्कला एकदा पुरे.

ज्यावर विंडोज स्वतः असतं तो सी ड्राइव्ह चालू विंडोजमधून फॉरमॅट होत नाही. तिथे सेटिंग्जमधून 'रिसेट धिस पीसी', मग 'रिमूव्ह एव्हरीथिंग', आणि पुढे 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू करायचं. हा शेवटचा पर्याय बहुतेकांकडून राहतो. याला काही तास लागतात, लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच ठेवा.

एसएसडीचं, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कचं, गणित वेगळं. तिचा कंट्रोलर (माहिती कुठे लिहायची ते ठरवणारी आतली चिप) नवं लिखाण दुसऱ्याच जागी टाकतो, म्हणून वरून शून्यं लिहिली तरी जुनं कुठेतरी उरू शकतं. तिच्यासाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला किंवा बायोसमधला (कॉम्प्युटर सुरू होताना विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या सेटिंगमधला) 'सिक्युअर इरेज' वापरा.