बंधारा मागण्याआधी ओढा तपासा: जलयुक्त शिवार 2.0 चा गाव आराखडा

जलयुक्त शिवार 2.0 ही पाणी अडवण्या-जिरवण्याची राज्य सरकारची योजना. तिच्यासाठी ग्रामसभेत पहिली मागणी बंधाऱ्याचीच येते. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी शिवार फेरी, म्हणजे गावच्या रानातून चालत केलेली पाहणी, नीट करा. कामं गाव आराखड्यातूनच मंजूर होतात आणि आराखडा फेरीवर उभा असतो.

आपलं गाव योजनेच्या यादीत आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारा. अवर्षणप्रवण तालुके आणि भूजलाचा अतिउपसा झालेली पाणलोट क्षेत्रं (ज्या भागाचं पाणी एकाच ओढ्याला येऊन मिळतं तो भाग) निवडीत विचारात घेतली जातात.

फेरी माथ्यापासून सुरू करा. पाणलोट गावाची शीव मानत नाही, म्हणून वरच्या गावची दोन माणसं सोबत घ्या. कुठे ओघळी पडल्यात, जुन्या बांधात किती गाळ साचलाय, कुठला बांध फुटलाय, सगळं नकाशावर टिपा. ऑक्टोबरात ओढ्यातले चार दगड उलटून पाहा. खाली चतुराच्या अळ्या, खेकड्याची पिल्लं दिसली तर ओढ्यात जीव आहे. नुसता काळा, वास मारणारा गाळ लागला तर सांडपाणी कुठून येतंय ते आधी शोधा. ठरलेल्या चार-पाच विहिरींची पातळी ऑक्टोबरात आणि मेमध्ये टेप सोडून मोजा, तीही काठावरच्या एकाच खुणेपासून.

मग पाण्याचा ताळेबंद, म्हणजे गावात पडणारं पाणी आणि लागणारं पाणी यांचा हिशेब. 800 हेक्टरवर 500 मिलिमीटर पाऊस म्हणजे 40 लाख घनमीटर, सरकारी भाषेत 4,000 टीसीएम (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर). यातलं बरंच वाहून आणि वाफ होऊन जातं. माणशी रोज 55 लिटर धरलं तर 2,000 वस्तीला वर्षाला साधारण 40 टीसीएम पुरतं. ताळेबंद फिसकटतो तो पिकांवर, म्हणून उसाचं आणि कांद्याचं क्षेत्र खरं लिहा. इथे लपवाछपवी केली की मेमध्ये बायाबापड्यांना टँकरची वाट पाहावी लागते.

कागदपत्रांत ग्रामसभेचा ठराव, गाव नकाशा, पीक पाहणीची आकडेवारी, लोकसंख्या आणि जनावरांची संख्या, पर्जन्यमानाच्या नोंदी, जुन्या कामांची यादी फोटोंसह ठेवा. काम खासगी जमिनीत असेल तर त्या गटाचा सातबारा आणि मालकाचं संमतीपत्र जोडा. सातबाऱ्यावर चार नावं असतील तर सह्याही चौघांच्या घ्या; काम बहुतेकदा इथेच अडतं. माथा वनजमिनीत असेल तर वनरक्षकाला फेरीलाच बोलवा.

ग्रामसभेच्या मंजुरीनंतर आराखडा तालुका समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे जातो. पोच घेतलेली एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा.