प्लगशिवायचा फ्रिज : कॅम्परव्हॅनमधल्या थंडाव्याची पार्श्वभूमी

कॅम्परव्हॅन वीजजोड नसलेल्या जागी उभी राहिली, की दिव्याची सोय होते, पाण्याची होते, स्वयंपाकही उरकतो. अडतं ते दूध, मांस आणि उरलेलं अन्न यांच्यापाशी. तापमान ५ अंश सेल्सिअसच्या वर चढलं की त्यात जिवाणू भराभर वाढू लागतात, आणि उन्हात उभी असलेली गाडी आतून किती तापते हे सांगायला नको. यावर आज मुख्यतः तीन उपाय वापरले जातात : बर्फाची पेटी, गॅसवर चालणारा फ्रिज आणि बॅटरीवरचा कॉम्प्रेसर फ्रिज. कुठला चांगला यावर वाद पुष्कळ होतात. पण या तिन्हींपैकी एकही मुळात सुट्टीवर निघालेल्या माणसासाठी घडलेला नाही. प्रत्येकाची गरज वेगळ्याच ठिकाणी जन्मली, आणि त्या जन्माच्या खुणा घेऊनच तो गाडीत आला. त्या खुणा ओळखता आल्या की प्रत्येकाच्या खोडी समजतात, म्हणून हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात लोण्यापासून होते. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये टॉमस मूर नावाच्या शेतकरी-अभियंत्याला आपलं लोणी जॉर्जटाउनच्या बाजारापर्यंत न वितळता न्यायचं होतं. त्यानं देवदार लाकडाचं लंबगोल पिंप घेतलं, आत पत्र्याचा डबा बसवला, मधल्या जागेत बर्फ भरला आणि बाहेरून सशाच्या कातड्याचं, लोकरीचं आवरण दिलं. या रचनेचं पेटंट त्याला १८०३ मध्ये मिळालं आणि तिला त्यानं ‘रेफ्रिजरेटर’ हे नाव दिलं. म्हणजे या नावानं ओळखली गेलेली पहिली पेटी स्वयंपाकघरात उभी राहणारी नव्हती. ती प्रवासासाठी होती. इतर शेतकऱ्यांचं लोणी बाजारात पातळ होऊन पोचे तेव्हा मूरचं घट्ट वड्यांच्या रूपात विकलं जाई.

तिथून बर्फाचा व्यापार वाढला तो बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरमुळे. १८०६ मध्ये त्यानं तळ्यातला बर्फ कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर नेला, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं आणि त्या खेपेत त्याला तोटाही झाला. पण १८३३ मध्ये त्याचं ‘टस्कनी’ हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याला निघालं, चार महिने समुद्रावर राहिलं, आणि पोचलं तेव्हा जवळपास १०० टन बर्फ शिल्लक होता. विषुववृत्त दोनदा ओलांडून! यामागे यंत्र कुठलंच नव्हतं. बर्फ मोठ्या, नीट कापलेल्या लाद्यांचा होता, त्या एकमेकींना चिकटून रचल्या होत्या आणि भोवती उष्णता अडवणारा थर होता. एकसंध मोठा बर्फ हळू वितळतो, कारण वजनाच्या मानानं त्याचा उघडा पृष्ठभाग कमी असतो. बर्फपेटीत चुऱ्याऐवजी मोठी लादी ठेवा, पेटी भरलेली ठेवा, झाकण कमी उघडा, हे आजचे सल्ले त्या जहाजाच्या तळघरात आधीच सिद्ध झाले होते.

बर्फ नसलेल्या प्रदेशांत बाष्पीभवनावर भागवलं गेलं. १८९० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कूलगार्डीच्या सोन्याच्या खाणींवर आर्थर मॅकॉर्मिकनं ओल्या गोणपाटाचं कपाट बनवलं. वारा लागला की गोणपाटातलं पाणी उडून जाई आणि आतली हवा थंड होई. कोरड्या हवेत ही युक्ती आजही उपयोगी आहे, दमट हवेत मात्र जवळजवळ निरुपयोगी. मांसाला तर ती कुठेच पुरेशी नाही.

गाडीतल्या बर्फपेटीला आजचं रूप दिलं ते हलक्या फोमनं. दुसऱ्या महायुद्धानंतर थर्मोकोल आणि पॉलियुरेथेन फोम सहज मिळू लागले. १९५० च्या दशकात कोलमनसारख्या कंपन्यांनी हातात धरून नेता येणाऱ्या पेट्या घरोघरी पोचवल्या. फोक्सवॅगनच्या गाड्यांत वेस्टफालिया या जर्मन कंपनीनं झोपण्या-जेवणाची सोय बसवायला सुरुवात केली तीही १९५१ ची गोष्ट. त्यांच्या पुढच्या अनेक गाड्यांतल्या कपाटात बर्फाचा कप्पा असे. फ्रिज नंतर आला.

गॅसच्या फ्रिजची कथा या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटते. ज्योत पेटवून थंडी मिळवायची ही कल्पना फर्दिनाँ कारे या फ्रेंच अभियंत्यानं १८५९ च्या सुमाराला अमोनिया आणि पाणी वापरून प्रत्यक्षात आणली होती. पण ते यंत्र बर्फाच्या कारखान्यात शोभणारं होतं. १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या बाल्त्सार फॉन प्लातेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी त्यातला पंपच काढून टाकला. बंद नळ्यांमध्ये अमोनिया आणि पाण्याच्या जोडीला त्यांनी हायड्रोजन भरला. त्यामुळे सगळीकडे एकूण दाब सारखा राहतो, पण जिथे हायड्रोजन असतो तिथे अमोनियाच्या वाट्याला कमी दाब येतो आणि तो तिथे बाष्प होताना उष्णता ओढून घेतो. खालची ज्योत द्रावण उकळते, उठणारे बुडबुडे ते वर चढवतात, आणि बाकीचा सगळा प्रवास गुरुत्वाकर्षण करतं. हलणारा एकही सुटा भाग नाही, आवाज नाही. १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सनं हा शोध विकत घेतला.

त्याच काळात बर्लिनमध्ये अल्बर्ट आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड हेही हलत्या भागांशिवायच्या फ्रिजवर काम करत होते. घरातल्या फ्रिजमधून गळलेल्या विषारी वायूनं एक कुटुंब दगावल्याच्या बातमीनं ते या कामाकडे वळले, असं सांगितलं जातं. १९३० मध्ये त्यांना अमेरिकी पेटंट मिळालं, पण बाजार जिंकला तो स्वीडिश विद्यार्थ्यांच्या रचनेनं.

ही रचना ज्या घरांत वीज पोचली नव्हती त्यांच्यासाठी होती. रॉकेलवर, गॅसवर, विजेवर, कशावरही चालायची. दुर्गम दवाखान्यांत लशी सांभाळण्याचं काम अशाच फ्रिजनी अनेक दशकं केलं. निव्वळ या एका कामासाठी त्या दोन विद्यार्थ्यांबद्दल मनात आदर वाटतो. पण घर हलत नाही, तिरपंही होत नाही. गाडी होते. द्रावणाला उताराचीच वाट ठाऊक असल्यानं गाडी जास्त कलली की ते मध्येच साचतं, खालचा भाग कोरडा तापतो, आणि नळ्या गंजू नयेत म्हणून घातलेलं रसायन आत जमून मार्ग बंद करतं. मुक्कामाला पोचल्यावर चाकाखाली ठोकळे घालून आधी गाडी समपातळीत आणण्याची सवय जुन्या कॅम्परवाल्यांना लागली ती उगाच नाही. ज्योतीसाठी हवा लागते आणि जळलेला वायू बाहेर सोडावा लागतो, म्हणून भिंतीत झरोके आले. ते बुजवणं जिवावर बेतू शकतं, कारण ज्योतीतून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गॅस, मेन्सची (म्हणजे बाहेरच्या वीजजोडाची) वीज आणि गाडीची १२ व्होल्टची वीज अशा तिन्हींवर चालणारे फ्रिज पुढे कॅम्परमध्ये रूढ झाले. त्यातला १२ व्होल्टचा पर्याय इंजिन चालू असतानाच वापरायचा. ज्योतीच्या जागी उष्णता देणारा हीटर सतत शंभराहून अधिक वॅट खातो आणि उभ्या गाडीची बॅटरी एका रात्रीत बसवतो.

मग इतकी खोडकर वस्तू टिकली कशी? उत्तर आकड्यांत आहे. १ किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॅट-तास उष्णता शोषतो. ज्योतीत जळणाऱ्या १ किलो प्रोपेन गॅसमध्ये जवळपास १२.८ किलोवॅट-तास ऊर्जा असते. फ्रिजनं त्याच्या पाचव्या हिश्शाएवढीच उष्णता बाहेर काढली, तरी ते साधारण २७ किलो बर्फाचं काम झालं. आता १२ व्होल्टची, १०० अॅम्पियर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी घ्या. ती निम्मीच वापरावी म्हणतात, म्हणजे हाती ६०० वॅट-तास. चांगला कॉम्प्रेसर त्याच्या दीडपट उष्णता हलवेल असं धरलं तरी हिशेब १० किलो बर्फापाशी येतो. आणि ती बॅटरी स्वतः २५-३० किलोंची! अनेक दशकं कॅम्परवाले गॅसला चिकटून राहिले, यात त्यांचं काहीच चुकलं नाही.

कॉम्प्रेसरची, म्हणजे शीतक वायू दाबणाऱ्या पंपाची, अडचण वेगळी होती. त्याची मोटर शीतक वायूसह हवाबंद कवचात असते. साध्या डीसी मोटरचे घासणारे ब्रश तिथे चालत नाहीत, त्यांची झीज आणि ठिणग्या बंद कवचात परवडत नाहीत. ब्रशचं काम कवचाबाहेरच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटकडे गेलं तेव्हा वाट मोकळी झाली. डेन्मार्कच्या डॅनफॉसचे बीडी मालिकेतले कॉम्प्रेसर बोटी आणि ट्रकच्या फ्रिजमध्ये बसले. हा व्यवसाय २०१० मध्ये विकला गेला आणि सेकॉप या नावानं चालू राहिला. जपानच्या सावाफुजीनं मागेपुढे थरथरणाऱ्या दट्ट्याचा निराळा मार्ग काढला, तो ‘एंगेल’ या नावानं ओळखला जातो. समुद्रावर आणि खडबडीत रस्त्यांवर मुरलेली ही यंत्रं कललेल्या गाडीत बिनतक्रार चालतात, आणि व्होल्टेज फार खाली गेलं तर बॅटरी वाचवण्यासाठी स्वतःच थांबतात. लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या स्वस्त थर्मोइलेक्ट्रिक पेट्या त्यांच्या पंगतीला बसवू नयेत. १८३४ मध्ये झाँ पेल्तिएला दिसलेल्या परिणामावर त्या चालतात, बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम २० अंश खाली जातात आणि वीज अखंड ओढतात. कडक उन्हाळ्यात त्यांच्यावर मांस सोपवणं मला पटत नाही.

कॉम्प्रेसर सोयीचा झाला तो मात्र फ्रिजमुळे कमी आणि विजेमुळे जास्त. बेल लॅब्सनं १९५४ मध्ये दाखवलेला सिलिकॉनचा सौरघट सुमारे ६ टक्केच उजेड विजेत बदलायचा. आजची छतावरची पॅनलं २० टक्क्यांच्या पुढे जातात. १९९७ मध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटानं बॅटरीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाचा मार्ग दाखवला, आणि त्यावरच्या बॅटऱ्या हलक्या तर आहेतच, शिवाय जवळजवळ पूर्ण वापरता येतात. तरी सावलीची पेचदार अट राहिलीच : पॅनलला ऊन हवं, अन्नाला सावली. दाट झाडीत किंवा ढगाळ हिवाळ्यात आठवडा काढायचा असेल, तर गॅस आजही पुढे आहे.

भिंतीकडे मात्र गाडी बांधणाऱ्यांचं लक्ष अजून कमीच जातं. ५ सेंटिमीटर फोमसाठी जागा सोडली की आतली जागा आटते, म्हणून पातळ भिंतीचा फ्रिज आणि मोठी बॅटरी असा सौदा होतो. जेम्स ड्यूअरनं १८९२ मध्ये निर्वात भिंतीचा फ्लास्क केला, त्याच तत्त्वावरची निर्वात पॅनलं आता लशींच्या पेट्यांत वापरली जातात. त्याच जाडीत ती फोमच्या कित्येक पट उष्णता अडवतात. गाडीत ती बसवताना एकच अट कडक असते : कपाट लावताना एक स्क्रू जरी त्यांच्यात घुसला तरी निर्वात जातो, आणि त्या पॅनलचा बहुतेक फायदाही.