बर्बेराची धावपट्टी, जिबूतीचे भाडे : लाल समुद्राच्या तोंडावरील परकीय लष्करी तळांची पार्श्वभूमी

जिबूती हा देश आकाराने पुणे जिल्ह्याच्या साधारण दीडपट. लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास, शेतीला पाणी जवळजवळ नाहीच, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे. तरीही अमेरिकेचा आफ्रिकेतला सर्वांत मोठा लष्करी तळ इथे आहे. चीनने परदेशात उभारलेला पहिला तळ इथे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने देशाबाहेर थाटलेला पहिला तळही इथलाच. इटलीची छावणी आहे, आणि फ्रान्सचे सैन्य तर हा देश स्वतंत्र होण्याच्या आधीपासून इथे मुक्काम करून आहे.

सगळ्यांना इथेच तळ का हवा, याचे उत्तर नकाशात सापडते. लाल समुद्र आणि एडनचे आखात जिथे मिळतात ती बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी जेमतेम तीस किलोमीटर रुंद आहे. सुएझ कालव्यातून आशियाकडे येणारे आणि आशियातून त्याच कालव्याने युरोपला जाणारे प्रत्येक जहाज तिथूनच जाते. पण नकाशा म्हणजे अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी समजायला जिबूतीसोबत शेजारचे एरिट्रिया, इथिओपिया, सोमालिया आणि त्यातून फुटून निघालेले सोमालीलँड हेही पाहावे लागतात. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत या किनाऱ्यावर जे परके सैन्य आले, ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी प्रदेशावर नजर ठेवून आले. इथल्या माणसांशी त्याचे भांडण नव्हते आणि देणेघेणेही नव्हते. ही गोष्ट इथल्या सत्ताधाऱ्यांनी लवकर ओळखली आणि आपल्या किनाऱ्याची किंमत वसूल करायला ते शिकले. त्या सौद्यांचा भार मात्र प्रजेने वाहिला.

या इतिहासाचा पहिला धागा मुंबईपर्यंत येतो. १९ जानेवारी १८३९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईहून गेलेल्या तुकडीने समोरच्या किनाऱ्यावरचे, आजच्या येमेनमधले एडन घेतले. मुंबई-सुएझ मार्गावरच्या आगबोटींना कोळसा भरायला जागा हवी होती. पुढे जवळजवळ शतकभर, १९३२ पर्यंत, एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. एडन म्हणजे रखरखीत खडक. तिथल्या शिबंदीला मांस यायचे ते पलीकडून, आजच्या सोमालीलँडमधल्या बर्बेरा बंदराच्या सोमाली मेंढपाळांकडून. १८८४ मध्ये इजिप्तने बर्बेरा सोडल्यावर ब्रिटिशांनी सोमाली टोळ्यांशी करार करून तो किनारा संरक्षणाखाली घेतला, त्यामागचे एक मोठे कारण ही रसदच होते. त्याआधी, १८६८ मध्ये, मुंबई लष्कराचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर सुमारे तेरा हजार सैनिक आणि चव्वेचाळीस हत्ती घेऊन एरिट्रियाच्या किनाऱ्यावरच्या मसावाच्या दक्षिणेला झुला इथे उतरले होते. इथिओपियाचा राजा तेवोद्रोस याने युरोपीय लोकांना कैदेत ठेवले होते. एप्रिलमध्ये त्याचे ठाणे मग्दला पडले, राजाने आत्महत्या केली, आणि सैन्य लूट घेऊन परतले.

१८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि या किनाऱ्याची किंमत एकदम वाढली. फ्रान्सने १८६२ मध्येच आजच्या जिबूतीतले ओबोक मिळवले होते. पुढे तिथून मुक्काम हलवून जिबूती शहर वसवले. इटलीच्या रुबात्तिनो या जहाज कंपनीने कालव्याच्याच वर्षी असबचा उपसागर विकत घेतला, सरकारने तो १८८२ मध्ये ताब्यात घेतला, आणि १८९० पर्यंत एरिट्रिया ही वसाहत उभी राहिली. तिथून इटालियन आत घुसले, तेव्हा सम्राट मेनेलिक दुसरा याने १ मार्च १८९६ रोजी अडवा इथे त्यांचा दणदणीत पराभव केला. या लढाईची आठवण आजही इथिओपियात राष्ट्रीय सणासारखी जागवली जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र मेनेलिकने फ्रान्स, इटली आणि रशिया यांना एकमेकांविरुद्ध खेळवत बंदुका जमवल्या होत्या, हेही विसरता येत नाही. पुढच्या सगळ्या राज्यकर्त्यांचा तो धडा होता.

चाळीस वर्षांनी मुसोलिनीने सूड घेतला. १९३५ च्या स्वारीत विषारी वायू वापरले गेले. सम्राट हैले सेलासी याने राष्ट्रसंघापुढे उभे राहून दाद मागितली. ती मिळाली नाही. १९४१ मध्ये ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्याने इटालियनांना हुसकावले. एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर झालेल्या लढाईत चौथी आणि पाचवी भारतीय डिव्हिजन होती. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान तिथे चढाई करून लढले. आपल्याकडे बर्मा आणि इटलीच्या आघाड्यांविषयी बरेच बोलले जाते, केरेनचे नाव क्वचितच निघते.

युद्ध संपले आणि एरिट्रियाचे काय करायचे हा प्रश्न आला. संयुक्त राष्ट्रांनी १९५० मध्ये ठराव करून तो इथिओपियाशी संघराज्य म्हणून जोडला. अमेरिकेने त्याला पाठिंबा देण्यामागे एक अगदी तांत्रिक कारण होते. असमारा सव्वादोन हजार मीटरहून उंच आणि विषुववृत्ताजवळ. लांबचे रेडिओ संदेश तिथे फार स्वच्छ ऐकू येत. १९५३ मध्ये सम्राटाशी करार करून अमेरिकेने तिथे काग्न्यू स्टेशन हे टेहळणी केंद्र चालवले. शीतयुद्धातली दूरदूरची संभाषणे एरिट्रियाच्या पठारावर टिपली जात. बदल्यात हैले सेलासीला शस्त्रे आणि प्रशिक्षण मिळाले, आणि १९६२ मध्ये त्याने संघराज्य मोडून एरिट्रिया सरळ गिळला, तेव्हा वॉशिंग्टनने काही म्हटले नाही. त्याच्या वर्षभर आधी पेटलेले एरिट्रियाचे स्वातंत्र्ययुद्ध तीस वर्षे चालले.

आता बर्बेराकडे येऊ, कारण या सगळ्या कहाणीचा सार तिथल्या एका धावपट्टीत आहे.

१९६० मध्ये ब्रिटिश आणि इटालियन सोमालिया एकत्र येऊन नवा देश झाला. त्याच्या ध्वजावरच्या पाच टोकांच्या ताऱ्यातली तीन टोके इतर देशांत राहिलेल्या सोमाली प्रदेशांची : इथिओपियातले ओगादेन, केनियाचा ईशान्य भाग आणि फ्रेंचांकडचे जिबूती. इथिओपियाच्या पाठीशी अमेरिका, म्हणून सोमालियाने सोव्हिएत संघाचा हात धरला. १९६९ मध्ये सियाद बारे याने लष्करी बंड करून सत्ता घेतली आणि १९७४ मध्ये मॉस्कोशी मैत्री करार केला. ब्रिटिश १९६७ मध्ये एडन सोडून गेले होते, हिंदी महासागरात पोकळी होती. सोव्हिएत अभियंत्यांनी बर्बेराला बंदर वाढवले, क्षेपणास्त्रांची कोठारे बांधली आणि सुमारे चार किलोमीटर लांबीची धावपट्टी टाकली. एका मेंढ्या-उंटांच्या बंदरात आफ्रिकेतल्या सर्वांत लांब धावपट्ट्यांपैकी एक उभी राहिली.

मग पारडे फिरले. १९७४ च्या सप्टेंबरमध्ये लष्कराने हैले सेलासीला पदच्युत केले. फेब्रुवारी १९७७ मध्ये मेंगिस्तू हैले मरियम याने सहकाऱ्यांना ठार मारून सत्ता हाती घेतली, स्वतःला मार्क्सवादी म्हणवले, आणि एप्रिलमध्ये काग्न्यू स्टेशनसह अमेरिकी कार्यालये बंद करायला लावली. मॉस्कोला वाटले, आता दोन्ही देश आपल्या बाजूला येतील. फिडेल कास्ट्रोने मार्चमध्ये एडनला दोन्ही नेत्यांना समोरासमोर बसवून मार्क्सवादी संघराज्याची कल्पना मांडली. बारेला ओगादेन हवे होते, संघराज्य नको होते. जुलैमध्ये त्याच्या सैन्याने सोव्हिएत रणगाडे घेऊन हल्ला केला आणि सप्टेंबरमध्ये तिथले जिजिगा शहर घेतले.

मॉस्कोने मोठा देश निवडला. १३ नोव्हेंबर १९७७ ला बारेने सोव्हिएत सल्लागारांना हाकलले, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच इथिओपियाकडे प्रचंड विमानवाहतूक सुरू झाली. सुमारे एक अब्ज डॉलरची शस्त्रे, जनरल वासिली पेत्रोव्ह यांच्या हाताखालचे सोव्हिएत अधिकारी आणि दहा हजारांहून अधिक क्युबन सैनिक आले. सोमाली सैन्य कसे लढते, त्याच्याकडे काय आहे, हे या सल्लागारांना नेमके ठाऊक होते; त्यांनीच ते घडवले होते. ५ मार्च १९७८ ला जिजिगा परत पडले आणि चार दिवसांत सोमालियाने माघार जाहीर केली. अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झ्बिग्नीव ब्रेझिन्स्की पुढे म्हणाले की सोव्हिएत संघाशी व्हायचा अण्वस्त्रमर्यादेचा करार ओगादेनच्या वाळूत गाडला गेला आहे. त्या वाळूतून लाखो सोमाली कुटुंबे उठून निर्वासित छावण्यांत गेली, त्याचा उल्लेख महासत्तांच्या इतिहासात सहसा एका ओळीपुरता येतो.

दोनच वर्षांत इराणमध्ये क्रांती झाली आणि सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. आता अमेरिकेला इराणच्या आखाताजवळ तळ हवे होते. ऑगस्ट १९८० मध्ये करार झाला आणि बर्बेराची सोव्हिएतांनी बांधलेली धावपट्टी अमेरिकेला वापरायला मिळाली. बारेने एका दशकात दोन्ही महासत्तांकडून शस्त्रे घेतली. त्या शस्त्रांचे शेवटी काय झाले? १९८८ मध्ये उत्तरेत बंड वाढले तेव्हा त्याच्या हवाई दलाने हर्गेसा या स्वतःच्याच देशातल्या शहरावर, त्याच शहराच्या विमानतळावरून उड्डाणे करत बॉम्ब टाकले. हजारो माणसे मेली, लाखो इथिओपियात पळाली. तिकडे मेंगिस्तू १९८४ च्या भीषण दुष्काळात क्रांतीचा दहावा वर्धापनदिन थाटात साजरा करत होता आणि आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या सैन्यांपैकी एक पोसत होता. मला या कालखंडाविषयी वाचताना सर्वांत जास्त संताप येतो तो याच ठिकाणी.

शीतयुद्ध संपले आणि दोघांचेही मोल संपले. जानेवारी १९९१ मध्ये बारे पळाला, मे महिन्यात मेंगिस्तू. त्याच मे महिन्यात उत्तरेने सोमालीलँड म्हणून स्वातंत्र्य घोषित केले. दक्षिणेत राज्यच उरले नाही. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकी सैन्य उपासमार थांबवायला उतरले, ऑक्टोबर १९९३ मध्ये राजधानी मोगादिशूच्या लढाईत त्याचे अठरा सैनिक मेले आणि काही महिन्यांत ते निघून गेले. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारताचीही ब्रिगेड बैदोआ भागात होती.

जिबूतीचे दिवस आले ते याच पडझडीतून. २७ जून १९७७ ला, म्हणजे ओगादेन युद्ध पेटण्याच्या तोंडावर, हा देश स्वतंत्र झाला. एका बाजूला इथिओपिया, दुसऱ्या बाजूला सोमालिया, दोघांचाही त्यावर डोळा. फ्रेंच सैन्य ठेवून घेणे ही त्याची सुरक्षेची हमी होती. पुढे तेच उत्पन्नाचे साधन झाले. ऑक्टोबर २००० मध्ये एडनला अमेरिकी युद्धनौका कोलवर हल्ला झाला, वर्षभरात न्यूयॉर्कवर. २००२ पासून अमेरिकेने फ्रेंच फॉरेन लीजनची जुनी छावणी, कॅम्प लेमोनिए, वापरायला घेतली. येमेन आणि सोमालियावर जाणारे ड्रोन इथून उडू लागले. २०१४ मध्ये नव्या करारानुसार भाडे वर्षाला सुमारे ६.३ कोटी डॉलर ठरले.

२००८ मध्ये सोमाली चाचेगिरीने कळस गाठला, तेव्हा त्याच वर्षी भारताच्या आणि जानेवारी २००९ मध्ये चीनच्या युद्धनौका एडनच्या आखातात पोचल्या. भारताने तिथली गस्त आजवर सुरू ठेवली आहे. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ जहाजावरून पकडलेल्या ३५ चाच्यांना आयएनएस कोलकाताने मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले. २०१५ मध्ये येमेनमधून भारतीयांना सोडवताना जिबूती हाच मधला थांबा होता, तिथून वायुदलाची विमाने मुंबई आणि कोचीला आली. चीननेही आपले नागरिक याच वाटेने काढले. फरक पुढे पडला. चीनने आधी बंदर, पाण्याची वाहिनी आणि अदिस अबाबापर्यंतच्या सुमारे ७५० किलोमीटरच्या विद्युत रेल्वेला कर्ज दिले, आणि १ ऑगस्ट २०१७ ला तळ उघडला. तो कॅम्प लेमोनिएपासून काही किलोमीटरवर आहे. २०१८ मध्ये चिनी बाजूने सोडलेल्या लेझरमुळे आपल्या वैमानिकांच्या डोळ्यांना इजा झाली, अशी तक्रार अमेरिकेने केली. चीनने ती नाकारली.

त्याच काळात आखाती देश उतरले. येमेनच्या युद्धासाठी संयुक्त अरब अमिरातीने २०१५ मध्ये एरिट्रियाच्या असब इथे तळ उभारला, आणि २०२१ मध्ये गरज संपल्यावर तो उखडून नेला. दुबईच्या डीपी वर्ल्डने २०१६ मध्ये बर्बेराचे बंदर तीस वर्षांसाठी घेतले, आणि धावपट्टीचेही नूतनीकरण झाले. तुर्कस्तानने २०१७ मध्ये मोगादिशूत सोमाली सैनिकांसाठी मोठे प्रशिक्षण केंद्र उघडले. फ्रान्सला माली, बुर्किना फासो, नायजर आणि चाडमधून बाहेर पडावे लागले, पण जिबूतीचा संरक्षण करार त्याने २०२४ मध्ये वाढवून घेतला.

आता या खेळात इथिओपिया पुन्हा पुढे सरकला आहे. १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाल्यावर त्याला समुद्रच उरला नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक परदेश व्यापार जिबूतीतून जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधान अबी अहमद यांनी लाल समुद्राची वाट हा देशाच्या अस्तित्वाचा प्रश्न असल्याचे सांगितले, आणि तेव्हापासून असबच्या नावाने एरिट्रियाच्या सीमेवर अस्वस्थता आहे. १ जानेवारी २०२४ ला त्यांनी सोमालीलँडशी सामंजस्य करार केला : नौदल तळासाठी वीस किलोमीटर किनारा, बदल्यात स्वतंत्र देश म्हणून मान्यतेची आशा. सोमालियाने संतापून इजिप्तशी लष्करी करार केला, तुर्कस्तानने मध्यस्थी केली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अंकारात तात्पुरता समझोता झाला. मूळ कराराचा पूर्ण मजकूर लोकांपुढे आलाच नाही. ज्या अवदल भागातला किनारा त्यात देऊ केल्याची चर्चा होती तिथे निदर्शने झाली, आणि त्याच भागातून आलेल्या सोमालीलँडच्या संरक्षणमंत्र्यांनी करारानंतर आठवड्याभरात राजीनामा दिला.