मराठवाड्याचा कापूस आणि विलायतेची जकात

भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. तयार कपड्यांवर ब्रिटनमध्ये १२ टक्क्यांपर्यंत जकात लागत असे. करारानुसार ती शून्यावर येते. परभणी-नांदेडच्या कापूसवाल्याला याचा कितपत उपयोग, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्याच्या कापड गिरण्यांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. भाव कडाडले. पण तिकडची यंत्रं अमेरिकन कापसाच्या लांब धाग्याला जमवलेली. आपला देशी धागा बहुतेक इंचाच्या आत, त्यात वजन वाढवायला माती आणि सरकी, त्यामुळे सूत सारखं तुटायचं. भेसळीला आळा घालायला मुंबई सरकारने १८६३ मध्ये कायदाच केला. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले.

मराठवाडा तेव्हा निजामाकडे. वऱ्हाड १८५३ मध्येच इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. इकडे मात्र हाली सिक्का, म्हणजे निजामाचं वेगळं चलन, आणि नाक्यानाक्यावर करोडगिरी, म्हणजे त्याची जकात. १९०० साली मनमाड-सिकंदराबाद रेल्वे पूर्ण झाली, पण ती मीटरगेज. मुंबईला जाणारी कापसाची प्रत्येक गाठ मनमाडला उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यात पुन्हा भरावी लागे. नांदेडकडच्या गावरानी कापसाचा धागा इतर देशी वाणांपेक्षा सरस, म्हणून त्याला नाव होतं.

ब्रिटिश हिंदुस्थानात जकातीचं पारडं उघडउघड लँकेशायरकडे झुकलेलं. १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात लावली, तेव्हा इथल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर बसवला. तो १९२६ मध्ये रद्द झाला. तोवर आपल्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक जपान झालं होतं, आणि लँकेशायरला सौदा करणं भाग पडलं. १९३९ च्या करारात तर ब्रिटन आपला कापूस किती उचलतं, यावर त्याच्या कापडावरची इथली जकात कमी-जास्त होणार होती. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय समुदायात गेलं आणि राष्ट्रकुलातल्या देशांना तिथे मिळणारी जकातीची जुनी सवलत गुंडाळली गेली.

आता नव्या कराराची सवलत आहे ती ब्रिटनला जाणाऱ्या शिवलेल्या कपड्याला. मराठवाडा विकतो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस: क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई, बाकी बहुतेक सरकी, आणि १७० किलोची गाठ. शिलाई होते तमिळनाडूतल्या तिरुपूरसारख्या ठिकाणी, सवलतीचा मोठा वाटाही तिथेच जाणार. जिनिंगवाल्याच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्याच्या, हातात राहतं ते माल स्वच्छ ठेवणं. ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापला जातो, १२ च्या वर सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) माल घेत नाही. त्याहून वाईट म्हणजे वेचणीच्या प्लास्टिक पोत्याचा सुटलेला धागा. तो रुईत दिसत नाही, गिरणीत पिंजला जाऊन सुतात पसरतो आणि रंग धरत नसल्याने रंगाईनंतर कापडावर डाग होऊन उठतो. मग ती गाठ कोणत्या जिनिंगची होती हे शोधलं जातं, आणि त्या जिनिंगच्या पुढच्या खेपेचा भाव तिथेच ठरतो. सुती पोती किंवा सुती चादरी वेचणीला देणं या नुकसानापेक्षा स्वस्तात पडतं.