प्लाझ्मा विकून डॉलर: पाणी परत येतं, बाकीच्याचं काय?

भाचा टेक्सासात मास्टर्स करतोय. परवा रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, "मामा, इथे प्लाझ्मा दिला की पैसे देतात, नवीन माणसाला पहिल्या महिन्यात पाचशे डॉलरच्या वर सुटतात असं रूममेट म्हणतो. देऊ का? आईला बोलू नकोस." आणि लगेच दुसरा, "गंमत म्हणजे मागच्या आठवड्यात कॉलेजातल्या ब्लड ड्राईव्हवाल्यांनी मला नको म्हटलं, मलेरियाच्या देशातून आलायस, तीन वर्षं थांब म्हणाले. आणि हे प्लाझ्मावाले या या करतायत. मग माझं रक्त चांगलं की वाईट?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मलेरियाचा परजीवी राहतो लाल पेशीत. अख्खं रक्त दिलं की त्या लाल पेशी दुसऱ्याच्या अंगात जातात, म्हणून ते थांबवतात. प्लाझ्मा म्हणजे पेशी काढून उरलेला पिवळसर पातळ भाग, शाळेत आपण त्याला रक्तद्रव म्हणायचो, आणि ही बाटली थेट कुणाला चढवत नाहीत, ती फॅक्टरीत जाते, तिथे गोठवणं, गाळणं, विषाणू मारणं असं सगळं होतं, म्हणून अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, मलेरियाचा तो नियम या प्लाझ्माला लागूच नाही. रक्त तेच, वाटा दोन.

पहिल्या प्रश्नाला मात्र मला दोन दिवस लागले. मी डॉक्टर नाही, ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवतो, त्यामुळे माझा कल कुठे जाणार ते तुम्हाला पुढे कळेलच.

आपल्याकडे हा प्रश्न पडतच नाही कारण सुप्रीम कोर्टाने १९९६ साली पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत बंद करायला सांगितलं आणि १ जानेवारी १९९८ पासून ती बंद झाली. आपलं रक्तदान म्हणजे गणपतीच्या मांडवाशेजारी शिबिर, कॉफी, बिस्किटं आणि सर्टिफिकेट. अमेरिकेत रुग्णाला चढवायच्या रक्ताच्या पिशवीवर ते पैसे देऊन घेतलंय का फुकट ते छापावं लागतं, १९७८ पासून, त्यामुळे तिथेही अख्खं रक्त लोक फुकटच देतात. फॅक्टरीत जाणाऱ्या प्लाझ्माला ते बंधन नाही. मग पैसे देतात, म्हणायला 'वेळेचा मोबदला', आणि येणाऱ्याला डोनर म्हणतात. विकणं आहे ते, सरळ म्हणावं. पण नाक मुरडण्याआधी हेही बघा की जगात औषधांसाठी जेवढा प्लाझ्मा गोळा होतो त्यातला साधारण दोन तृतीयांश एकट्या अमेरिकेतून येतो. त्यातून हिमोफिलियाचं, म्हणजे रक्त न गोठण्याच्या आजाराचं, फॅक्टर आठ, अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रथिन, आणि ज्यांच्या अंगात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, बनतच नाहीत अशा मुलांना लागणारं इम्युनोग्लोब्युलिन तयार होतं. अशा एका पेशंटला वर्षभर पुरेल एवढ्या औषधासाठी १३० वेळा दिलेला प्लाझ्मा लागतो, हा प्लाझ्मा कंपन्यांच्याच संघटनेचा आकडा.

आता मशीन. मी प्लाझ्मा कधी दिला नाही पण एसडीपी, म्हणजे मशीनवर नुसत्या प्लेटलेट, दिलंय, पुण्यात डेंग्यूच्या सीझनला शेजाऱ्यांच्या मुलीसाठी. ज्यांनी दिलंय त्यांना माहितीय, एका हातातून रक्त निघतं, मशीनमध्ये फिरतं, प्लेटलेट बाजूला होतात आणि बाकीचं परत अंगात येतं. प्लाझ्माचं मशीन त्याच घराण्यातलं. आत एक भांडं गरागरा फिरतं, लाल पेशी जड म्हणून बाहेरच्या भिंतीला चिकटतात आणि हलका प्लाझ्मा आतून वर चढून बाटलीत पडतो, ताक घुसळण्याचीच भावंडं म्हणा. रक्त नळीत गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट सोडतात, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि कॅल्शियम नसलं की रक्त गोठत नाही. थोडं सायट्रेट परतीच्या रक्ताबरोबर तुमच्या अंगात येतं. अर्ध्या तासाने माझ्या ओठांना मुंग्या यायला लागल्या, वरचा ओठ आधी, दाताच्या डॉक्टरच्या इंजेक्शननंतर येतात तशा, आणि परत येणारं रक्त गार असल्याने अंगात हुडहुडी. टेक्निशियन ताईंनी न विचारताच कॅल्शियमची गोळी हातावर ठेवली, "चावून खा काका". पाच मिनिटांत ओठ ठिकाणावर.

ते परत येणारं रक्त तुमचंच असणं किती महत्त्वाचं आहे हे बघायचं तर चीनचा हेनान प्रांत. १९९० च्या दशकात तिथे खेड्याखेड्यात शेतकरी प्लाझ्मा विकायचे, आणि खर्च वाचवायला एकाच रक्तगटाच्या अनेकांचं रक्त एकत्र करून प्लाझ्मा काढायचे आणि उरलेल्या लाल पेशी सगळ्यांना वाटून परत चढवायचे. एकाला एचआयव्ही असला की सगळ्यांना. गावंच्या गावं गेली. आताच्या मशीनमध्ये प्रत्येकाची नळी, भांडं, सुई वेगळी आणि एकदाच वापरून फेकायची, म्हणून तो धोका राहिलेला नाही.

म्हणजे सुरक्षित आहे का? एकदा-दोनदा दिलं तर तब्येत बरी असलेल्याला काही होऊ नये, चक्कर, हातावर निळं पडणं एवढंच. पण मेसेजमधला पुढचा भाग, "आठवड्यातून दोनदा देता येतं", तिथे मी थांबलो. अख्खं रक्त दिलं की भारतात पुरुषाला ९० दिवस थांबवतात. अमेरिकेत प्लाझ्मा सात दिवसांत दोनदा, मध्ये ४८ तास. गुणाकार केला तर वर्षाला १०४ वेळा. जर्मनीत वर्षाला ६० च्या वर देता येत नाही आणि युरोपच्या कौन्सिलचं मार्गदर्शन ३३ चं आहे. माणसं तीच, यकृतं तीच, आकडे असे!

"प्लाझ्मा म्हणजे पाणीच तर, एका दिवसात भरून येतं", हे सगळीकडे ऐकायला मिळतं. अर्धं खरं आहे. प्लाझ्मात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं आणि ते खरंच दिवसभरात परत येतं. उरलेल्यात सात टक्के प्रथिनं असतात आणि कंपनी पैसे त्याचेच देते, पाण्याचे कोण देणार. भाच्याचं वजन ६२ किलो. एफडीएच्या जुन्या चार्टप्रमाणे त्याच्याकडून एका वेळी साधारण ६२५ मिली प्लाझ्मा निघणार, म्हणजे जवळपास ४४ ग्रॅम प्रथिनं, सात अंड्यांत असतात तेवढी. त्यातलं अल्ब्युमिन २५ ग्रॅमच्या आसपास, यकृत रोज १० ते १५ ग्रॅम बनवतं, म्हणजे दोन-तीन दिवसांची भर. ते निभतं.

अडतं ते आयजीजीपाशी. ही आपली मुख्य प्रतिपिंडं. भाच्याच्या एका बाटलीत सहा ग्रॅमच्या आसपास जातील, आठवड्याला दोन बाटल्या म्हणजे बारा. आणि त्याचं शरीर आठवड्याला बनवतं किती, तर चौदाच्या आसपास. म्हणजे पगार चौदा आणि त्यातले बारा कापून जाणार!

इथून पुढे मला सगळ्यात आवडतो तो भाग आहे, विद्यार्थी इथे झोपतात, तुम्हीही झोपलात तर रागावणार नाही.

रक्तातली बहुतेक प्रथिनं थोड्या दिवसांत मोडली जातात. आयजीएम या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मी उरायला लागणारा वेळ, पाच-सहा दिवस, फॅक्टर आठचं तर बाराएक तास. आयजीजीचं तीन आठवडे! का? रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी सतत रक्ताचे घोट घेत असतात, म्हणजे बाहेरचं द्रव आपल्या आतल्या छोट्या पिशव्यांत ओढून घेतात, आणि त्या पिशवीतलं सगळं पुढे भट्टीत जाऊन मोडतं. पिशवी आत गेली की आंबट व्हायला लागते, पीएच ७.४ वरून सहाच्या जवळ येतो. पिशवीच्या भिंतीवर एफसीआरएन नावाचा रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू पकडणारं प्रथिन, असतो. रक्ताच्या पीएचला तो आयजीजीकडे बघतही नाही. पण आंबटपणा वाढला की आयजीजीच्या शेपटीकडच्या हिस्टिडिन या अमिनो आम्लावर प्रोटॉन बसतो, त्याला धन प्रभार येतो, आणि आता एफसीआरएन त्याला घट्ट धरतो. जे धरलं गेलं ते भट्टीत जात नाही, पिशवीचा तो तुकडा परत पेशीच्या पृष्ठभागावर येतो, तिथे बाहेर पीएच पुन्हा ७.४, प्रोटॉन निघून जातो, पकड सुटते आणि आयजीजी परत रक्तात. मंडईत भाजी निवडणाऱ्या बाईसारखं, बाकीचं कचऱ्यात, हे मात्र परत टोपलीत. फक्त प्रोटॉनच्या ये-जा वर.

वेल्समध्ये काम करणाऱ्या ब्रॅम्बेल नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९६४ साली असा रिसेप्टर असावा हे नुसत्या आकड्यांवरून मांडलं, तेव्हा तो कुणी पाहिलेला नव्हता. त्याचं मूळ काम सशांचं, आईची प्रतिपिंडं पिल्लात कशी जातात यावरचं. आणि रिसेप्टर निघाला तोच! आईच्या पोटात बाळाला जे आयजीजी मिळतं ते वारेतून हाच रिसेप्टर ओलांडून देतो.

आता प्लाझ्माशी संबंध. रिसेप्टरची संख्या मर्यादित आहे. रक्तात आयजीजी खूप झालं तर सगळ्यांना जागा मिळत नाही, जास्त मोडतं. आयजीजी कमी झालं तर जागा मोकळ्या, मोठा हिस्सा वाचतो, अर्धायुष्य वाढतं. हात आखडता घेणारी गृहिणीच ही. कागदावर वरचं चौदा-बाराचं गणित केलं, पातळी उतरली की बाटलीतही कमी जातं हे धरून, तर पातळी निम्म्यावर यायला हवी, प्रत्यक्षात नेहमी देणाऱ्यांची पातळी घटते पण एवढी नाही, आणि माझ्या मते त्यात या काटकसरीचा हात असणार. पण काटकसर म्हणजे कमाई नव्हे. म्हणूनच अमेरिकेतही दर वेळी बोटातून रक्त घेऊन एकूण प्रथिनं बघतात, डेसीलिटरला ६ ग्रॅमच्या खाली असली की त्या दिवशी परत पाठवतात, आणि दर चार महिन्यांनी प्रतिपिंडांची वेगळी तपासणी करतात.

प्लाझ्मा म्हटलं की आपल्याला २०२० आठवतं, कोविडमधून बरे झालेल्यांचा प्लाझ्मा पेशंटला चढवायचे. "ओ पॉझिटिव्ह प्लाझ्मा डोनर हवा, अर्जंट" असे दहा-दहा मेसेज रोज, नातेवाईक रात्री रक्तपेढ्यांच्या बाहेर उभे. त्याच वर्षी आयसीएमआरने ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर चाचणी करून सांगितलं होतं की याने आजार गंभीर व्हायचा थांबत नाही आणि मृत्यूही कमी होत नाहीत. तरी मे २०२१ पर्यंत तो सरकारी मार्गदर्शनात राहिलाच, आणि लोक धावतच राहिले. वर कॅलिफोर्नियात तरुणांचा प्लाझ्मा चढवून म्हातारपण घालवायचा धंदा निघाला होता, २०१९ मध्ये एफडीएला त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. आणि हो, बीटाचा रस पिऊन प्लाझ्मा वाढत नाही, बीट लाल आहे एवढंच त्याचं आणि रक्ताचं नातं.

तर भाच्याला मी लिहिलं की देऊ नको असं म्हणत नाही, पैसे तुझे, हात तुझा. पंधरा दिवसांतून एकदा दे, दोनदा बोलावतील तरी. आदल्या रात्री पिझ्झा नको, चरबीने प्लाझ्मा दुधासारखा गढूळ होतो आणि बाटली वाया जाऊ शकते. पाणी पी, डाळ खा. सुई नेहमी एकाच जागी नको, तिथे कायमचा खड्डा पडू शकतो. विद्यार्थी व्हिसावर असे पैसे घेतलेले चालतात का ते कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचार, मामाला नको.

काल रात्री उत्तर आलं.

"गेलो होतो. बोट टोचलं, ५.८ आलं, परत पाठवलं."

मी विचारलं, जेवतोस काय?

"मॅगी." मग जरा वेळाने, "आईच्या वरणाला किती शिट्ट्या लागतात? तूच सांग, तिला विचारलं तर ती का विचारेल."